कळ आणि काच

(एस. वाय. बी. ए.)

‘प्रणाली’ हा शब्द कॉलेजात आल्यापासून मी इतक्या वेळा ऐकला, की आता तो कानाला घरचाच वाटतो. राज्यशास्त्राच्या तासाला राज्यप्रणाली, अर्थशास्त्राच्या तासाला चलनप्रणाली, आणि यंदा भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितलं की भाषा हीसुद्धा एक प्रणालीच! सोस्यूर नावाच्या स्विस पंडितानं हे मांडलं. त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, 1916 साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून पुस्तकरूपानं निघाली. शब्द आणि अर्थ यांचं नातं निसर्गानं बांधलेलं नसतं, ते माणसांनी मानलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. झाडाला ‘झाड’च का म्हणायचं, याला कारण नाही. सगळ्यांनी मानलं म्हणून ते झाड.

वर्गानं ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं. मला मात्र माझी माय आठवली, आणि तिच्या हातातला फोन. हिरव्या रंगाचा आणि बोलण्याचा काय संबंध? लाल रंगाचा आणि गप्प होण्याचा काय? तरी अक्षरओळख नसलेल्या माझ्या मायनं ती खूण मानली होती, पाठ केली होती आणि वर्षानुवर्षं वापरली होती. एक अख्खी प्रणाली तिच्या बोटांत होती. ती बदलायची वेळ आमच्या घरावर आली, त्याची ही हकीकत.

फोनला हात, पाय, डोळे कारखान्यात मिळतात. पण त्या सगळ्यांकडून काम करवून घेणारा एक कारभारी आत बसवावा लागतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. वाड्याचा कारभारी बदलला की किल्ल्या कुणाकडं, धान्य कुठं, हिशेबाची वही कुठल्या कोनाड्यात, सगळंच बदलतं. वाडा तोच दिसतो, पण आत शिरलेला माणूस चाचपडतो.

या कारभाऱ्यांचंही राज्य येतं आणि जातं. एके काळी नोकियाच्या फोनांवर सिंबियनची सत्ता होती. 2007 साली आयफोन आला आणि 2008 साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन. 2011 साली नोकियानं सिंबियन सोडून विंडोज फोनची वाट धरली. ती वाटही पुढं बंद झाली. मोझिला या संस्थेनं फायरफॉक्स ओएस नावाची प्रणाली काढली. तिचे फोन 2013 साली बाजारात आले, 2014 साली आपल्याकडंही स्वस्तात विकले गेले, आणि थोड्याच काळात मोझिलानं तो डाव आवरता घेतला. पण तिची मूळ संहिता सगळ्यांना खुली होती. पडक्या वाड्याचे चिरे काढून शेजारी नवं घर बांधावं, तशी त्यातूनच कळांच्या फोनांसाठी एक प्रणाली उभी राहिली. तिचं नाव कायओएस. 2017 साली आलेल्या जिओफोनवर तीच होती.

वसतिगृहात मुली विचारत, “तुझ्या घरच्या फोनवर ओएस कुठली?” मी सांगे, “काय.” त्या पुन्हा विचारत, मी पुन्हा तेच सांगे. मराठी माणसाशी भांडण लावायलाच ठेवलेलं नाव वाटतं!

हा फोन 1,500 रुपये अनामत भरून मिळे. आमच्या घरी तो 2018 साली आला. अडीच इंचांहूनही लहान पडदा आणि खाली कळा. घर कसलं म्हणा, वर्षातले सहा महिने त्याला कुलूपच. आपल्या कॉलेजात बीड जिल्ह्यातल्या अनेकांना हे समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैल जुंपायचे, आणि कारखान्याच्या रानात कोपी घालायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझे आईवडील माझ्या जन्माआधीपासून असा एक कोयता आहेत. मी शाळेसाठी आजीपाशी गावात राहिले, म्हणून आज या अंकात लिहिते आहे.

तोडीवर आण्णा दिवसभर माय‌बरोबर ऊस तोडत, आणि गाडी भरली की कारखान्यावर जात. तिथं गाड्यांची रांग. खाली व्हायला कधी मध्यरात्र, कधी पहाट. तेवढा वेळ माय कोपीत एकटी. म्हणून फोन मायजवळ. आण्णा चौथी शिकलेले. तिथल्या कुणाचा तरी फोन मागून ते तिला निरोप देत.

माय शाळेत गेलेली नाही. माझा नंबर तिला आकड्यांनी येत नव्हता, बोटांनी येत होता. फोनच्या कळांमध्ये पाचाच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. तो अंगठ्याला लागला की मधलं घर सापडलं. मग तिथून एकदा वर, दोनदा उजवीकडं, तळाला, पुन्हा मधोमध. दहा पावलांचा एक फेर. अंधारात, डोळे मिटून, तान्ह्या लेकराला थोपटताना सुद्धा तिला तो जमे. रांगोळीचे ठिपके जसे मोजावे लागत नाहीत, तसा. सरकारनं 2016 साली नियम केला, की 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांवर पाच किंवा नऊची कळ दाबून धरली की संकटात मदतीचा फोन लागला पाहिजे. तो उंचवटा मी तिला त्यासाठीही दाखवून ठेवला होता. देवाच्या दयेनं वेळ आली नाही.

या फोनवर 2018 सालापासून निरोपांचं एक अ‍ॅप चालू लागलं. कुठलं ते सांगायला नको. आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. त्यात आवाजाचा निरोप पाठवता येई, आणि आमच्या घरात जणू टपालखातं सुरू झालं. मी शाळेतून आले की शेजारच्या काकूंच्या फोनवरून दिवसाचं सगळं बोलून पाठवी. माय ते रात्री ऐके, कारण दिवसा तिला फड सोडून बोलायला सवड नसे. ज्या बाईला पत्र वाचता येत नाही, तिला पत्रं येऊ लागली. ती ते जपून ठेवी. आजीसुद्धा त्या फोनशी लांबून, मोठ्यानं बोले. “पोरगी साळंत जाती. तुम्ही काळजी करू नका. तांबडी गाय व्यालीय, कालवड झाली.” एवढं बोलून ती थांबे, आणि उत्तराची वाट बघत बसे. हा निरोप आहे, पलीकडं आत्ता कुणी नाही, हे तिला अखेरपर्यंत पटलं नाही.

आजी 2023 च्या पावसाळ्यात गेली.

2024 साली कळलं, की हे अ‍ॅप कायओएसवर फार दिवस चालणार नाही; 2025 च्या सुरुवातीला ते बंद होणार. जगभर कुठं किती लोक कुठली प्रणाली वापरतात, याचे हिशेब होत असतील. त्या हिशेबात आमची कोपी कुठल्या रकान्यात येते, कुणास ठाऊक! मी तेव्हा एफ. वाय. ला होते. ‘कमवा आणि शिका’तून घेतलेला माझा फोन अँड्रॉइडवर होता आणि मला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. पण मायचं टपाल बंद पडणार होतं. दिवाळीच्या सुटीत मी कापूस वेचला, त्यात आण्णांनी थोडी भर घातली, आणि 3,500 रुपयांना एक जुना अँड्रॉइड फोन घेतला. त्या वर्षी विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. आमची टोळी मतदान करून निघणार होती. माझ्या हातात थोडेच दिवस होते.

पहिल्या संध्याकाळी मी तिच्यापुढं फोन ठेवला. आकड्यांची मांडणी तीच होती : मधे पाच, तळाला शून्य. मला वाटलं, दहा पावलांचा तो फेर इथंही चालेल. मायनं अंगठा ठेवला. काही झालं नाही. पुन्हा ठेवला, दाबला, जोरात दाबला. काच ढिम्म. मी बोट लावलं की आकडा उमटे, तिनं लावलं की नाही.

तिनं अंगठा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “मपलं बोट मेलंय का काय गं बाई?”

वाचकहो, त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मी शोधून वाचलं. या काचेला दाब कळतच नाही. काचेखाली विद्युतवाहक द्रव्याचा एक पारदर्शक, पातळ थर असतो आणि त्यावर अगदी सौम्य विद्युतभार खेळवलेला असतो. आपलं शरीर वीजवाहक असतं. बोट टेकलं की त्या जागचा भार बदलतो, आणि फोनला कळतं की इथं माणूस आहे. पण बोटावर कोरड्या, मेलेल्या कातड्याचा जाड थर असेल तर तो बदल फार क्षीण होतो. कोयत्याच्या मुठीनं आणि पाचटाच्या धारेनं मायच्या बोटांवर तो थर वीस वर्षं चढत गेला आहे. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आता फोनलाही ती ओळखू येईना. काम करून करून माणसाचं बोट यंत्राच्या लेखी निर्जीव व्हावं, आणि जिनं कधी कोयता धरला नाही त्या माझ्या बोटाला काच झटकन ओळखावी! कळ दाबायला बोट कुणाचंही चालत होतं. कळीला फक्त जोर लागे, आणि जोर आमच्याकडं होता.

मराठीत ‘कळ’ म्हणजे बटणही आणि वेदनाही. ‘काच’ म्हणजे आरसाही आणि जाचही. हे कोशकारांना कसं सुचलं असेल, असं मला त्या रात्री वाटून गेलं.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. जुनी कायओएस आणि नवी अँड्रॉइड, दोन्हींचा गाभा एकच आहे. लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं तो 1991 साली लिहायला घेतला, तेव्हा तोही आपल्यासारखाच विद्यार्थी होता. म्हणजे जोतं एक आणि त्यावर घरं दोन. अडचण जोत्यात नव्हती. दारं कुणाच्या उंचीनं काढली, यात होती.

दुसरी अडचण त्याहून नाजूक. जुन्या फोनवरच्या निरोपांचं गाठोडं उचलून नव्या प्रणालीत नेण्याची सोय नव्हती. नंबर नेता येतात, सिमकार्ड नेता येतं; निरोप मागंच राहतात. त्यांत आजीचे अकरा निरोप होते. ज्या फोनवरून ते पाठवले, तो काकूंचा फोन केव्हाच मोडीत गेला होता. म्हणजे आजीचा आवाज साऱ्या जगात त्या एका डबीत उरला होता.

शेवटी उपाय साधा निघाला. दुपारी सामसूम पाहून मी जुना फोन दुरडीवर ठेवला, त्याच्या तोंडाशी नव्या फोनचा कान लावला, आणि एकेक निरोप वाजवून घेतला. माय दारात बसून होती, कुणी येऊ नये म्हणून. आजी बोलत होती, थांबत होती, उत्तराची वाट बघत होती. अकराव्या निरोपात मागं शेळी ओरडते. मुद्रण चालू असताना दारातली शेळीही ओरडली. आता ऐकताना तेव्हाची शेळी कुठली आणि आताची कुठली, ते सांगता येत नाही. मायला मात्र त्यातच समाधान वाटलं. ती म्हणाली, “बरं झालं. म्हातारीला घर ओळखू आलं.”

बोटाचं कोडं तिचं तिनंच सोडवलं. मी ओला फडका जवळ ठेवायला सांगितला होता. बोट ओलसर केलं की काच थोडी ऐकते. पण कोपीत कुठं फडका शोधत बसणार? मायनं एकेक बोट काचेवर लावून पाहिलं, घरात आलेल्या सुनेची परीक्षा घ्यावी तसं. उजवा हात सगळा नापास. डाव्या हातानं ऊस धरायचा, तोही बहुतेक नापास. डाव्या हाताची करंगळी तेवढी पास झाली. तिच्या वाट्याला ना मूठ येते ना धार. “ही एक बसून खाती,” माय म्हणाली, “आता हिला लावू कामाला.”

मग आम्ही आकड्यांचा नादच सोडला. पडद्यावर तीन फोटो ठेवले : माझा, मामाचा आणि मुकादमाचा. फोटोला करंगळी लावली की थेट फोन लागे. तिथंच मायची पहिली तक्रार आली. अंधारात पडदा डोळ्यांवर येतो, फोटो नीट दिसत नाही आणि करंगळी भलतीकडं जाते. काच सगळीकडं सारखी गुळगुळीत. पाचावरचा उंचवटा कुठून आणायचा? दुसऱ्या दिवशी मी फोन पाहिला तर काचेवर, माझ्या फोटोच्या बरोबर खाली, एक लाल टिकली चिकटवलेली! करंगळी टिकलीला लागली की बोटभर वर सरकायचं, तिथं मी.

फोन बनवणाऱ्यांनी जे काढून टाकलं होतं, ते तिनं परत लावलं.

यावरून कुणी म्हणेल, की मी जुन्याचं गुणगान करते आहे. तसं नाही. कळांचा फोन दोन-तीन दिवस चाले, हा रोज चार्जिंग मागतो. आण्णांना तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर लावून आणावा लागतो. हे खरं आहे. पण नव्या फोननं आम्हाला एक गोष्ट दिली. जुन्या फोनच्या फोटोत अक्षरं वाचता येत नसत. यात काट्याच्या पावतीवरचा आकडा न् आकडा वाचता येतो. मी मायला सांगितलं, आण्णा गाडी खाली करून आले की पावतीचा फोटो काढून मला पाठवत जा. रोज सकाळी तासाला जाण्याआधी मी तो टनांचा आकडा वहीत उतरवी. हंगाम संपला तेव्हा वहीत 94 खेपा होत्या. हिशेबाला बसल्यावर मुकादमाच्या आकड्यात आणि आमच्या आकड्यात साडेतीन टनांचा फरक निघाला. आण्णांनी काही न बोलता फोन पुढं केला. मुकादमानं एकेक फोटो पाहिला, आणि फरक मान्य केला. आमच्या घरात हिशेबाच्या वेळी आपल्याकडूनही काही पुढं करायला असण्याची ही पहिलीच खेप. उचल अजून फिटलेली नाही. पण ती किती उरली आहे, हे आता आम्हाला आमच्या आकड्यांनी ठाऊक आहे.

तेव्हा प्रणाली बदलण्याला माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच, की बदलाची किंमत दर वेळी एकाच बाजूनं का मोजायची? जिथं प्रणाली घडते तिथं मऊ बोटांची माणसं बसलेली असतात, आणि मऊ बोट हेच बोट, असं त्यांना मनापासून वाटत असतं. त्यात दुष्टावा नसतो. त्यांच्या वर्गात माझी माय बसलेली नसते, एवढंच.

आणि हे मी कुणाला सांगते आहे? मीही एक प्रणाली बदललीच आहे की! कॉलेजात आले तेव्हा मी ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणत असे. आता ‘माझं’, ‘तुझं’ म्हणते. निबंधात तर ‘आपले’. जोतं तेच आहे, भाषा मराठीच आहे; दारं तेवढी वेगळ्या उंचीची. पहिल्या सत्रात माझं बोलणं ऐकून वर्ग शांत राही, जशी ती काच शांत राहिली होती. माझं तोंड मेलंय की काय, असं मलाही वाटलं होतं. पुढं मी शिकले. पण शिकताना किती निरोप मागं राहिले, ते मोजायला कुणी बसलं नाही. आजीच्या तोंडचे शब्द, मायच्या शिव्या, तोडीवरच्या बायकांची गाणी. हे गाठोडं आपोआप इकडं येत नाही. दोन फोन तोंडाला तोंड लावून बसवावे लागतात आणि एकेक वाजवून घ्यावं लागतं. मराठी हा विषय घेतल्याचं कारण विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगू शकत नाही. इथं सांगते.

भाषाविज्ञानाच्या सरांना एक सांगावंसं वाटतं. खूण आणि अर्थ यांचं नातं मानण्यावर आहे, हे सोस्यूरचं म्हणणं मला पटलं. पण मानायचं कुणी आणि कुणाच्या सोयीनं, हे त्या धड्यात नाही. माझ्या मायनं टिकली म्हणजे लेक असं मानलं. ते साऱ्या जगात फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. दोघींची का होईना, तीही एक भाषाच म्हणायची.

यंदाही टोळी गेली आहे. रात्री कधी तरी माझा फोन वाजतो, मी उठून वसतिगृहाच्या जिन्यात जाते. माय विचारते, “झोपली होतीस का?” मी नाही म्हणते. काचेवरची टिकली घामानं, धुरळ्यानं महिन्या-दीड महिन्यात गळून पडते. म्हणून निघताना तिनं सामानात, मिठाच्या पुडीशेजारी, टिकल्यांचं एक पाकीट जास्तीचं घेतलं.